ढेरपोट्याचं चित्र कोण काढतं

सोमवार, ५ तारीख

वकीलबाईंनी सांगितलंय, रोज काय झालं ते लिहून ठेवा. कोण आलं, काय बोललं, सगळं. कोर्टात कामाला येतं म्हणाल्या. चार यत्ता झाल्यावर मी घरकामाला लागले, त्यानंतर किराण्याशिवाय काही लिहिलेलं नाही. तरी लिहिते.

काल सकाळी पोलीस धाकट्याला घेऊन गेले. धाकटा म्हणजे माझा भाऊ. साठी उलटली, पण माझ्यासाठी धाकटाच. चहा पीत होता. चौघं बुटांसकट सरळ आत. एकजण म्हणाला, "चहा संपवा, घाई नाही." त्याने नाही संपवला. कप अजून ओट्यावर आहे. विसळीन.

कारण काय, तर शनिवारचं चित्र. धाकटा पेपरात राजकारणावर व्यंगचित्रं काढतो, तीस वर्षं होत आली. सरकारने परदेशातून ती अवाढव्य हेलिकॉप्टरं विकत आणली. शेडच्या दारातून ती आत जाईनात आणि ऊन चढलं की उडेनात. मंत्री आत बसून हात हलवतानाचे फोटो काढून मोकळे झाले, हेलिकॉप्टर जमिनीवरच. साधं कपाट घ्यायचं तरी माणूस आधी दार बघतो. धाकट्याने त्या हेलिकॉप्टरला सुटलेलं पोट आणि पेंगुळलेले डोळे दिले, आणि लोक त्याला ढेरपोट्या म्हणायला लागले. शनिवारच्या चित्रात ढेरपोट्या हॉस्पिटलच्या खाटेवर पांघरूण घेऊन झोपलाय, पेशंट खाली फरशीवर दाटीवाटीने, आणि नर्स तोंडावर बोट ठेवून त्यांना सांगतेय, "कण्हू नका, आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

एवढंच. ह्यात देशाची बदनामी झाली म्हणे.

टेबल, दिवा, शाईच्या बाटल्या, टाक, जुनी चित्रं, सगळं नेलं. मला विचारलं, "तुम्ही काय करता घरात?" म्हटलं, "दिसत नाही का, स्वयंपाक." ते लिहून घेतलं. स्वयंपाकघराचा खण उघडला, चमचे बघितले, बंद केला. माझा टाक चमच्यांतच असतो.

हे पान वकीलबाईंना द्यायचं नाही. फाडीन नंतर. खरं काय ते असं, की धाकट्याचा हात थरथरतो. चार-पाच वर्षं झाली. तो पेन्सिलने काढतो, थरथरत का होईना, आणि मी वरून शाई करते. आधी नुसतं गिरवायचे. मग हळूहळू कळायला लागलं, रेष कुठे जायला बघतेय ते. आता सहीपण मीच करते त्याची. कुणालाच माहीत नाही, त्याच्या मुलीलासुद्धा नाही. "ताई, हे घराबाहेर गेलं तर मी संपलो," म्हणतो. कसला संपतोय. शिंप्याचा हात थरथरला तर तो तसं सांगतो आणि दुसऱ्याला मशीनवर बसवतो. ह्या चित्रकारांचंच काय ते जगावेगळं.

बुधवार, ७

डबा घेऊन पोलीस ठाण्यात गेले. डबा घेतला, भेट नाही. बाकड्यावर बसून कंबर धरली. समोर एक हवालदार कानात काडी घालत बसला होता, त्याला विचारलं, भेट कधी. "साहेब सांगतील." साहेब कुठायत. "मीटिंगमध्ये." मीटिंग कुठे. "साहेब सांगतील." उठून आले.

घरी संपादक येऊन थांबले होते. तरणा माणूस, दाढी राखलेली, डोळ्यांत पाणी आणून बोलतो. म्हणाले, "ताई, चित्राची जागा आम्ही कोरी सोडतोय. काळी चौकट, आत काही नाही. ते मौनच बोलेल." पेपर दाखवला. चौकट होती, आत कागद. मी म्हटलं, छान, भाजी निवडून ठेवता येईल त्यावर. त्यांना आवडलं नाही. संध्याकाळी लोक मेणबत्त्या घेऊन पेपराच्या दारात उभे राहणार आहेत, तुम्ही यायला हवं म्हणाले. म्हटलं, दिवे गेलेत का तुमच्याकडे?

शुक्रवार, ९

डोक्यात एक आलं आणि मग डोकं काही ऐकेना.

धाकटा आत आहे. बाहेर नवीन चित्र आलं तर? तेच पोट, तेच डोळे, तीच सही. मग पोलिसांना कळेल की काढणारा बाहेर मोकळा फिरतोय आणि आपण भलताच माणूस धरून बसलोय. द्यावा लागेल सोडून. इतकं सरळ आहे. वकीलबाई एवढं शिकल्या, त्यांना का सुचलं नाही देव जाणे.

विचारलं नाही त्यांना. विचारलं की कलमं काढत बसतात.

ओट्यावर कागद पसरला. खाली पेन्सिल नसताना मी कधी काढलेलं नाही. पहिले कागद चुलीत गेले. ढेरपोट्या येत होता, माणसं येत नव्हती, सगळी पोत्यांसारखी. मग धाकटा पेन्सिल धरून तोंडाने काय पुटपुटतो ते आठवलं. "आधी पाय, ताई. माणूस कसा उभाय ते पायांत असतं." पाय आधी काढले. मग आली.

छप्पर उडालेली शाळा, पोरं घामाघूम, वर ढेरपोट्या उभा आणि त्याचं पातं वर्गावर आलेलं. बाई म्हणतायत, "थांबा, मंत्रीसाहेबांना विचारून पंखा लावते."

सही केली. पेपराच्या ऑफिसात जाऊन संपादकांच्या हातात दिलं आणि म्हटलं, कुठून आलं विचारू नका, आणि जुनं नाही हे लक्षात ठेवा. ते बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. मग माझ्या बोटांकडे.

म्हटलं, "बीट चिरत होते."

"हल्ली काळं बीट येतं का, ताई?" म्हणाले.

विनोद करायची वेळ आहे का ही.

रविवार, ११

छापलं. पहिल्या पानावर.

बेकरीवाल्याने काचेवर चिकटवलंय. मला पाव देताना म्हणाला, "बघा, आत टाकलं तरी म्हातारा ऐकत नाही. उलट धार चढलीय." गिऱ्हाईकं हसत होती. एक बाई तर पंख्याचं वाक्य दुसरीला म्हणून दाखवत होती. मला जरा बरं वाटलं. जरा म्हणजे, पाव तिथेच विसरून आले.

भाचीचा फोन. धाकट्याची मुलगी, लांबच्या गावी लॅबमध्ये नोकरीला असते, रजा मिळत नाही म्हणते. "आत्या, बाबांनी हे आतून पाठवलं कसं?"

"आतून कुठलं? आतून काही येतं का?"

"मग कुणी काढलं?"

"मला काय माहीत. मी स्वयंपाक करते."

मग म्हणाली, "आत्या, लोक म्हणतायत आतून आलंय. पोलीसही तेच म्हणतील ना?"

काहीतरीच. लोक काय, काहीही म्हणतात. पोलीस शिकलेले असतात.

मंगळवार, १३

भेट मिळणार होती ती रद्द केली. कारण सांगत नाहीत. डबा घेतला, पण माझ्यासमोर पाव कुस्करला, उकडलेली अंडी फोडून बोटाने चाचपली, रुमालाची शिवण उसवली. म्हटलं, "इतकं उपाशी ठेवतात का तुम्हाला?" हवालदार नेहमी हसतो तसा हसला नाही.

हे पोलीस जितके वाकड्यात शिरतील तितकी त्यांची चूक त्यांना लवकर कळायला हवी. एका चित्राने कळत नसेल तर दुसरं. आज काढलं. पेन्सिलपण घेतली नाही, सरळ शाई. घरात ढेरपोट्या पाहुणा आलाय, टेबलावर बसून डिझेल पितोय. घरची मंडळी भिंतीला टेकून उपाशी. घरधनी बायकोला म्हणतोय, "अगं, त्याला आणखी वाढ. उडाला नाही तर निदान उठेल तरी."

पाय मनासारखे झाले. धाकट्याला दाखवायला हवे होते.

शुक्रवार, १६

सकाळी पेपरात चित्र आलं आणि दुपारी वकीलबाई आल्या. घामाने भिजलेल्या, बसल्यासुद्धा नाहीत.

म्हणाल्या, हॉस्पिटलच्या चित्राचा जामीन या आठवड्यात झालाच असता. आता होत नाही. पोलिसांचं म्हणणं, हा माणूस आतून चित्रं काढून बाहेर पाठवतोय, त्याची टोळी आहे, कोठडीतलं कुणीतरी फितूर आहे. त्याला एकट्याला वेगळं ठेवलंय. चष्मा काढून घेतला. पांघरूण काढून घेतलं, त्यात कागद लपवतो म्हणून. कालपासून उभा करून विचारतायत, कागद कुणामार्फत जातो.

मी विचारलं, उभा म्हणजे? बसू देत नाहीत?

बाईंनी हातातली फाईल मिटली.

मग त्यांना सगळं सांगितलं. हात, शाई, सही, ओटा. त्या खाली बसल्या. "ताई, तुम्ही हे मला आधी..." एवढंच म्हणाल्या आणि कपाळ धरलं.

मी काढलं. पाय नीट आले म्हणून खूश होते मी.

शनिवार, १७

पेपराच्या ऑफिसात गेले. सगळे टेबलांवरून उठून उभे राहिले, जशी काही मी कोण आहे. संपादकांना आत घेऊन म्हटलं, पोलिसांना सांगा की चित्रं मी आणून दिली.

"ताई, मला कुठे माहीत चित्रं कोण काढतं? तुम्हीच म्हणालात, विचारू नका."

"बिटाचं विचारलंत तेव्हा माहीत होतं."

ते खिडकीपाशी गेले. खाली फुटपाथवर लोक ढेरपोट्याचे कागदी मुखवटे घालून उभे होते. "आत्ताच तर लोक जागे झालेत. आतून एक माणूस लढतोय, ह्यावर ते उभे आहेत. ते मोडायचं का?"

"त्याला उभा करून ठेवलाय," मी म्हटलं. "त्याचे गुडघे बरे नाहीत."

डोळ्यांत पाणी आणलं त्यांनी. पाणी काय, त्यांना केव्हाही येतं.

सोमवार, १९

वकीलबाईंनी खटपट करून भेट मिळवली. मध्ये जाळी. धाकटा आला तो भिंत धरत. दाढी वाढलेली, चष्मा नसल्याने मला शोधत होता. म्हटलं, "इकडे रे, आवाजाच्या दिशेने."

"तू आलीस ते कळलं," म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या चपला एवढ्या घाईत नसतात."

मी हळू आवाजात म्हटलं, चुकलं माझं, आता मी सांगून टाकते. तो एकदम जाळीपाशी आला. "खबरदार. दोन्ही माझी आहेत म्हणून सांगितलंय मी."

"कशाला सांगितलंस? तू काढलीस का?"

"मग काय सांगू? म्हातारी बहीण ओट्यावर काढते? तुला आत घेतील. थंडीत दोन दिवस टिकायची नाहीस तू."

"ते माझं मी बघेन. तुला कागद देऊन काढून दाखव म्हणतायत ना? बाई म्हणाल्या. काढून दाखव. तुझा हात बघितला की एका मिनिटात कळेल त्यांना, आतून काढणं तुला शक्यच नाही."

"मी कुणासमोर काढणार नाही."

"अरे पण का?"

हात पूर्ण वेळ पाठीमागे. मग म्हणाला, "त्यांनी तुझी दोन्ही चित्रं माझ्यासमोर टाकली. चष्मा नाही, नाकाला लावून बघितली. ते पंख्याचं मला सुचलं नसतं."

"तूच शिकवलंस, पाय आधी."

"पाय मी शिकवले," म्हणाला आणि तोंड वळवलं. नाक ओढत होता. सर्दी झालीय त्याला, त्यांनी पांघरूण तरी द्यावं.

बुधवार, २१

वकीलबाई म्हणत होत्या, थांबा, अर्ज करू, तारीख घेऊ. तारखेपर्यंत हा उभाच. मी टाक आणि शाई पिशवीत घातली आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेले.

साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. सगळं सांगितलं. ते ऐकत होते, मग हसले. "आजी, भावासाठी जीव तुटतो, कळतं मला. माझी बहीण असती तर तिनेही हेच केलं असतं. घरी जा."

"कागद द्या."

"आजी..."

"कागद द्यायला काय जातं तुमचं?"

दिला. काय काढावं सुचेना, म्हणून समोर दिसलं तेच काढलं. साहेबांच्या खुर्चीत ढेरपोट्या बसलाय आणि साहेब बाजूला त्याच्यावर छत्री धरून उभे, उन्हात तो उडत नाही म्हणून. दारातला हवालदार वाकून बघत होता, त्याला खोकला आला. साहेब चहा विसरले. म्हणाले, "त्याला आणा."

धाकट्याला आणलं. चष्मा दिला. त्याने चित्र बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. "नक्कल आहे," म्हणाला. "माझं बघून बघून शिकलीय. मला वाचवायला आलीय. खरी चित्रं माझी."

"मग काढा ना एक," साहेब म्हणाले. "फरक कळू दे आम्हाला."

"मी पोलिसांच्या टेबलावर काढत नाही."

ताठ उभा होता. हात पाठीमागे. एवढा ताठ मी त्याला वडील गेले तेव्हा बघितला होता. साहेब मला म्हणाले, "बघा, तुमचे भाऊच कबूल करतायत. मी काय करू?"

मी उठले आणि त्याचं मनगट धरलं. त्याच्या अंगात काही राहिलं नाहीये, पण हात ओढून घेत होता. "ताई, सोड. ताई." लहान असताना औषध पाजताना असंच करायचा. हात पुढे ओढला, टाक बोटांत बसवला, कागदावर ठेवला. आणि मग सोडला.

टेबलावर काच आहे साहेबांच्या. कागद घसरला आणि टाकाचं टोक काचेवर वाजायला लागलं. बाहेर गाड्या चालू होत्या तरी तेवढंच ऐकू येत होतं. त्याने दुसऱ्या हाताने तो हात दाबून धरला, तर दोन्ही थरथरायला लागले. हवालदाराने मान खाली घातली.

साहेबांनी विचारलं, "कधीपासून?"

मी सांगितलं. धाकटा भिंतीकडे बघत होता. त्याने काही ओरडावं, मला शिवी द्यावी, असं वाटत होतं.

मग मला लिहून द्यायला सांगितलं. दोन्ही चित्रं मी काढली, भावाला माहीत नव्हतं. साहेब म्हणाले, आत्ता जे काढलंत त्याच्याखालीही सही करा, पुरावा आहे. चित्राखाली माझी स्वतःची सही मी कधी केली नव्हती. ती तिथे केली.

सोमवार, २६

धाकटा घरी आला. जामीन झाला. भाची एक दिवस येऊन गेली. रडली, बापाचे पाय शेकले, मला म्हणाली, "आत्या, मला तरी सांगायचं होतं." सगळ्यांनाच आधी सांगायला हवं होतं, असं दिसतं.

धाकटा बोलत नाही. जिथे त्याचं टेबल होतं तिथे खुर्ची ठेवून बसतो. फरशीवर टेबलाच्या पायांचे डाग आहेत, ते बघतो.

दुसऱ्या पेपरांना कुणीतरी सगळं पुरवलंय. छापलंय, की हा माणूस तीस वर्षं बहिणीकडून चित्रं काढून घेत होता. खोटं आहे. चार-पाच वर्षं, आणि तीही शाई. बेकरीत तेच सांगायला गेले. बेकरीवाला म्हणाला, "म्हणजे सगळं तुम्हीच, ताई? आणि आम्ही त्याला मान देत होतो."

"नाही हो. त्यानेच केलंय सगळं. मला त्यानेच शिकवलं."

"तुम्ही काय, असंच म्हणणार," म्हणाला आणि डोळा मारला. काचेवरचं चित्र काढून त्याने तिथे बिस्किटांचं काहीतरी लावलंय.

संध्याकाळी संपादक दारात. धाकटा समोर बसलेला असताना मला म्हणतात, "ताई, आता तुमच्या नावाने सुरू करू. लोक मागतायत." मी दार लावायला गेले. मागून धाकटा म्हणाला, "काढ की."

आल्यापासून तेवढंच बोलला. मी दार लावलं. बरं केलं की नाही, कळत नाही. तो आत होता तेव्हा निदान त्याला बाहेर काढायचं एवढं तरी माहीत होतं मला.

गुरुवार, २९

पोलिसांचा कागद आला. उद्या सकाळी हजर व्हायचं, कपडे घेऊन या असं लिहिलंय. वकीलबाई म्हणाल्या, कपडे घेऊन या म्हणजे ठेवून घेणार, तुम्ही तयारीने चला. किती दिवस, त्यांनाही माहीत नाही. मोठ्या आवाजात सांगत होत्या, मला ऐकू येत नाही असं समजून. धाकटा ऐकत होता.

मी पिशवी काढली. तो उठून आला. "दे इकडे. मी भरतो."

"तुला काय जमतंय, बस."

"ताई, दे."

दिली. पलंगावर बसून बघत राहिले. त्याने स्वेटर घडी करायला घेतला. एक बाही आत गेली की दुसरी बाहेर येत होती. मी एका झटक्यात केलं असतं. गोळ्यांचं पाकीट हातातून पडलं, वाकून शोधलं, परत पडलं. मोजे घातले. त्याचंच पांघरूण घातलं, वरून दाबलं. "आत काढून घेतात ते," मी म्हटलं. "घेऊ देत," म्हणाला.

मग पिशवीची नाडी बांधायला लागला. दोन टोकं एकत्र आणायची, एवढंच. एक टोक धरलं की दुसरं सुटत होतं. दातात धरलं. कपाळावर घाम. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता, चित्र काढताना पुटपुटतो तसं. भाजी करपल्याचा वास आला, तरी मी उठले नाही.

बऱ्याच वेळाने गाठ बसली. पिशवी माझ्यापुढे सरकवली.

"बघ, घट्ट आहे का."

मी ओढून बघितली. अर्धी गाठ माझ्या हातातच सुटली. ती मुठीत झाकून धरली.

म्हटलं, "घट्ट आहे."